तुम्ही विचारलंत म्हणून : टीव्ही कंपनीतली आम्ही माणसं भेटून एवढं काय बोलतो

कंपनी बंद होऊन इतकी वर्षं झाली, टीव्ही भाड्याने देणं हा धंदाच उरला नाही, मग तुम्ही जुनी माणसं अजून दर मे महिन्यात रत्नागिरीत जमता आणि रात्र होईस्तोवर बोलत बसता ते नक्की कशाबद्दल? हे मला पुतण्या विचारतो, शेजारी विचारतात, मागे एका लग्नात एका तरुण इंजिनिअर मुलाने अगदी मनापासून विचारलं, तेव्हा पंगत उठायला लागली म्हणून अर्धंच सांगून झालं. आता नीट सांगतो.

आम्ही बिघाडांबद्दल बोलतो. कुठल्या गावातल्या कुठल्या सेटला काय झालं होतं, ते कोणाला सापडलं, कसं सापडलं. जुने पगार, शेठ, पार्ट्या हे सगळं पहिल्या चहातच संपतं, नंतर फक्त बिघाड. आणि याला कारण आहे.

आमच्याकडे टीव्ही भाड्याने द्यायचा आणि दुरुस्तही आपणच करायचा असा धंदा होता, खाली दुकान, वर वर्कशॉप. आज लोकांना खरं वाटत नाही पण गिऱ्हाईक भरपूर होतं. भारतात रंगीत टीव्ही आला १९८२ साली, आणि कलर सेट म्हणजे साध्या नोकरदाराचा कित्येक महिन्यांचा पगार. त्यात आपल्याकडे बदलीवाले खूप, बँकेतले, कचेरीतले, पाटबंधारेचे, दोन-तीन वर्षांत उठून दुसरीकडे जायचं तर लाकडी शटरचा तो जड सेट कोण विकत घेणार, महिन्याचं भाडं भरलं की झालं. आणि दुसरं गिऱ्हाईक एका रात्रीचं. पूजा, लग्न, बारसं, गणपतीतलं जागरण, मुंबईहून चाकरमानी आले की टीव्ही आणि व्हिडिओ (कॅसेटवरचे सिनेमे लावायचं मशीन) एका रात्रीसाठी, सोबत कॅसेटी, आणि सोबत आमच्यातला एक माणूस, तो सकाळपर्यंत तिथेच. १९८७ च्या जानेवारीत रामायण सुरू झालं तेव्हा तर रविवारी सकाळी साडेनऊच्या आत वाडीवाडीत सेट पोचवायचा म्हणून आम्ही शनिवारी रात्रीपासून टेम्पो भरायचो.

आता मुद्द्याचं. दुकानातून विकलेला टीव्ही एकदा गेला की तो गिऱ्हाइकाचा. भाड्याचा टीव्ही मात्र आमचाच असायचा. तो बंद पडला की तेवढ्या दिवसांचं भाडं कापून द्यायचं हा शेठचा नियम होता, म्हणजे बिघाडाचा खर्च आमच्याच अंगावर. वरवर चालू करून दिला तर पंधरा दिवसांनी तोच सेट परत आपल्याच टेबलावर, आणि त्याच्या कार्डावर मागच्या वेळची आपलीच सही. प्रत्येक सेटचं कार्ड होतं, तारीख, गाव, काय तक्रार, काय बदललं, कोणी बदललं. त्यामुळे मुळापर्यंत जायची सवय आम्हाला कोणी शिकवली नाही, ती त्या धंद्यातच होती. मी नंतर दुसरीकडेही काम केलंय, जिथे दुरुस्तीवर बिल व्हायचं तिथे, आणि ठामपणे सांगतो की तिथे बिघाड परत येणं हे कोणाला फारसं वाईट वाटत नसे.

एक उदाहरण देतो कारण आम्ही भेटलो की हे निघतंच. पावसाळ्यात एक तक्रार ठरलेली, टीव्ही लावला की चित्र धूसर, बघवत नाही, आणि दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप साफ. बाहेरचा मेकॅनिक यायचा, मागे फोकसचा प्रीसेट, म्हणजे चित्र साफ करायचा छोटा स्क्रू, असतो तो जरा फिरवायचा, चित्र साफ, पैसे घेतले, गेला. महिन्याभराने पुन्हा धूसर, या वेळी जास्त. खरं कारण असं की पिक्चर ट्यूबच्या शेपटीला जे सॉकेट असतं त्यात फोकसचं काही हजार व्होल्ट येतं, आणि आपल्या हवेतलं मीठ आणि ओल त्या सॉकेटच्या आत शिरून पितळ गंजवते, मग ते व्होल्टेज आतल्या आत गळायला लागतं. सेट तापला की ओल सुकते, गळती थांबते, म्हणून चित्र साफ. उपाय एकच, सॉकेट बदला. आमच्या वर्कशॉपचे मुख्य मेकॅनिक, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, ते म्हणायचे की जो बिघाड आपण होऊन बरा होतो त्याला सगळ्यात आधी पकडा. मिऱ्या, भाट्ये, हर्णै, जिथे समुद्र अगदी दारात, तिथले सेट पावसाच्या आधीच आणून आम्ही सॉकेट बघून घ्यायचो, ट्यूबला जास्त व्होल्टची वायर लागते तिथलं रबरी झाकण काढून स्पिरिटने पुसायचो, नाहीतर जुलैत हमखास तिथून निळी ठिणगी आणि सुस्स आवाज, आणि तक्रार यायची की टीव्हीत साप शिरलाय.

साप नाही पण पाल मात्र खरंच असायची. आतल्या उबेला यायची, आणि सर्किटच्या प्लेटवर दोन टोकांना एकदम शिवली की ती पण जायची आणि फ्यूज पण.

अँटेनाचं तर वेगळं शास्त्र होतं. रत्नागिरीचा ट्रान्समीटर लहान, तेव्हा असे शंभर वॅटचे ट्रान्समीटर देशभर बसवत होते, इन्सॅट उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम घ्यायचा आणि आसपास पसरवायचा. सपाट मुलखात ते ठीक, आपल्याकडे मध्ये डोंगर, मग खाली वाडीत काही नाही आणि वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाटीवर, लख्ख. मग बांबू नाहीतर पाईप, नाहीतर सरळ माडावर अँटेना, नारळ पाडणारा पाडेली चढायचा, खालून मी ओरडायचो जरा दक्षिणेला, जरा अजून, बस. वानर येऊन फिरवून जायचे ते वेगळंच. पण खरा शत्रू परत मीठच. अँटेनाची कांडी अॅल्युमिनियमची आणि वायर तांब्याची, दोन वेगळे धातू आणि वर खारी हवा, जोडावर पांढरी भुकटी धरते आणि सिग्नल मरतो, लोक म्हणतात सिग्नल वाढवणारा बूस्टर बसवा. आम्ही जोड घासून, ग्रीस भरून, वर सायकलची जुनी ट्यूब घट्ट गुंडाळायचो. साधी गोष्ट आहे, पण तो जोड वर्षं काढायचा.

आणि एप्रिल-मेमधली ती गंमत. संध्याकाळी अचानक पडद्यावर मुंग्यांमधून दुसरंच चित्र, अरबी अक्षरं, डोक्याला रुमाल बांधलेला माणूस बातम्या सांगतोय. समुद्रावर थंड ओली हवा आणि तिच्यावर गरम कोरड्या हवेचा थर बसला की टीव्हीच्या लहरी त्या थरात अडकून पाण्यावरून हजार किलोमीटरच्या वरसुद्धा जातात, त्यामुळे आखातातली स्टेशनं इकडे दिसायची. राजिवड्यातून एका बाईंची तक्रार आली, टीव्ही बिघडलाय, काहीतरी भलतंच दिसतंय. मी गेलो, त्यांना समजावून सांगितलं की बिघाड काही नाही, हे तिकडचं दिसतंय, हवा बदलली की जाईल, हवं तर अँटेना थोडा फिरवून बघतो. त्या म्हणाल्या, नको भाऊ, राहू दे तसाच, माझा मुलगा तिकडेच कामाला आहे. मग त्या पुढे बसून राहिल्या, भाषा कळत नव्हती तरी.

आमच्यात ऑफिस सांभाळणाऱ्या एक ताई होत्या, हिशोब, पावत्या, आणि फोन. त्यांच्याबद्दल मला मुद्दाम लिहायचंय कारण दुरुस्ती म्हटलं की लोकांना फक्त पान्हा-स्क्रू ड्रायव्हरवाले आठवतात. लोक एसटी स्टँडवरून नाहीतर पोस्टातून फोन करायचे, पैसे संपायच्या आत सांगायचं असायचं, आणि ताई तीन प्रश्नांत बिघाड ओळखायच्या. आवाज आहे का? चित्र अजिबात नाही की मध्ये आडवी पांढरी रेघ आहे? रेघ म्हटलं की लगेच सांगायच्या, आधी टीव्ही बंद करा, आमचा माणूस येईपर्यंत लावू नका, कारण ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा सगळा झोत त्या एकाच रेघेवर पडतो आणि ट्यूब तिथे कायमची जळते. आणि आम्हाला चिठ्ठी, व्हर्टिकल (चित्र वर-खाली पसरवणारा भाग) गेलंय, अमुक आयसी, म्हणजे चिप, घेऊन जा. जयगडला उतरून होडीने तवसाळला जायचं आणि तिथे गेल्यावर कळायचं की पार्ट आणला नाही, असं त्यांच्या चिठ्ठीवर कधी झालं नाही. पगार मात्र त्यांना आमच्यापेक्षा कमी होता, हे तेव्हाही चूक होतं आणि आजही आम्ही भेटलो की ते बोलून दाखवतो.

होडीवरून आठवलं, सेट उचलताना काच नेहमी छातीकडे, कारण सगळं वजन पुढच्या काचेत असतं. होडीत मात्र पेंढ्यावर पडदा खाली करून ठेवायचा. आमचा एक जोडीदार खारवी, म्हणजे मच्छीमार समाजातला होता, पाणी कधी चढेल, कधी निघायचं हे तोच ठरवायचा, तिथे अण्णासुद्धा त्याचं ऐकायचे.

गणपतीतल्या व्हिडिओबद्दल लिहिलं नाही तर बाकीचे मला सोडणार नाहीत. भाद्रपदातली ओल तुम्हाला माहीत आहे, कपडे वाळत नाहीत. व्हिडिओच्या मशीनमध्ये एक सेन्सर असतो, टेप ज्याच्यावरून फिरते त्या आतल्या ड्रमवर दव धरलं की मशीन चालूच होऊ देत नाही, कारण तो ड्रम मिनिटाला पंधराशे फेरे फिरतो आणि ओल्या ड्रमला टेप चिकटली की टेपही जाते आणि टेपवरचं चित्र वाचणारं हेडही. घरमालकाला हे काय माहीत, अंगणात दीडशे माणूस बसलेला, आणि मशीन मुकाट. म्हणून आम्ही मशीन कपाटात ठेवायचो, आत चोवीस तास बल्ब जळता, आणि टेम्पोत घोंगडीत गुंडाळून न्यायचो. पोचल्यावर लगेच लावायचं नाही, आधी तासभर खोलीत उघडं ठेवायचं. हेड साफ करायचं तर स्पिरिट लावलेला कोरा कागद आडवाच फिरवायचा, वर-खाली चुकूनही नाही, हेडचं टोक केसाएवढं नाजूक. एकदा कणकवलीच्या बाजूला पहाटे सगळं संपल्यावर मी वायरी गुंडाळत होतो तर घरातली आजी म्हणाली, चाय घेतल्याशिवाय जावचा नाय हां. असं प्रत्येक घरात. माजघरापर्यंत आम्हाला कोणी अडवलं नाही, आणि हा विश्वास आमच्यापैकी कोणी मोडला नाही, याचा मला अभिमान आहे.

नवीन मुलगा आला की अण्णा पहिले काही दिवस त्याला सोल्डरिंगला हात लावू द्यायचे नाहीत. आधी ट्यूब डिस्चार्ज करायला शिक. कलर सेटच्या ट्यूबवर पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास असतं आणि टीव्ही बंद केला, पिन काढली तरी ते आत राहतं. स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधून दुसरं टोक ट्यूबच्या बाहेरच्या अर्थिंगच्या पट्टीला, एक हात पाठीमागे, मग रबरी झाकणाखाली टोक सरकवायचं, टक्क आवाज आला की झालं. आणि दुरुस्त केलेला सेट कधीही सरळ लाईनवर लावायचा नाही, मध्ये सिरीजचा, म्हणजे सेटच्या वायरीतच एकापाठोपाठ जोडलेला बल्ब, बल्ब भक्क पेटला तर आत अजून शॉर्ट आहे, मंद राहिला तर पुढे चला. आमच्यातल्या कोणाला मोठा अपघात झाला नाही तो या दोन सवयींमुळे.

धंदा का बसला यावर आमच्यात दर वर्षी वाद होतो. काही म्हणतात केबल आली. मला ते पटत नाही, केबलला पण टीव्ही लागतोच की. माझ्या मते हप्ते. दुकानदार हप्त्यावर कलर टीव्ही द्यायला लागले आणि महिन्याचा हप्ता आमच्या भाड्याच्या जवळ आला, मग भाडं कोण भरेल. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली त्याच्या आसपास आमचं दुकान बंदच झालं, शेवटचे काही पगार उशिरा झाले पण झाले. पुढे सपाट टीव्ही आले, त्यात पार्ट शोधायचा नसतो, अख्खा बोर्ड बदलायचा असतो, आणि बोर्डाची किंमत ऐकून लोक नवीनच घेतात. दूरदर्शननेही ते जुने ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद केले.

तर त्या इंजिनिअर मुलाला हे सांगायचं राहिलं होतं. कार्डांचा एक गठ्ठा ताईंनी जपून ठेवलाय, मे महिन्यात तो उघडतो, कोणीतरी एक कार्ड वाचतं, गाव, तक्रार, आणि बाकीच्यांनी काय बदललं ते ओळखायचं. गेल्या वेळी एका कार्डावर तीन जणांच्या सह्या निघाल्या, एकच सेट, देवरुखचा, तीनदा परत आलेला, आणि खरं कारण एक उभा चिरलेला सोल्डर होता जो गरम झाल्यावरच उघडायचा. त्यावरच संध्याकाळ गेली.

आणि एक काम तुमच्याकडेही आहे. माळ्यावर, पडवीत जुना डब्यासारखा टीव्ही पडलेला असेल तर तो खाडीकिनारी नेऊन फोडू नका. त्या काचेत शिसं असतं, आणि आत हवा नसते त्यामुळे ट्यूब फुटली तर काच उडते. आमच्यातला एक जण अजून लांज्याच्या बाजूला दुरुस्ती करतो, जुन्या सेटचे ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, स्विच त्याला लागतात, उरलेली ट्यूब तो ई-कचरा घेणाऱ्यांकडे पोचवतो. भेटलात की सांगा, टेम्पोचं आम्ही बघतो.