पाठमोरे

जेवण आटोपून जरा आडवी होते तोच घरच्या ग्रुपवर मावशीचा मेसेज आला, ‘माथेरानचे फोटो बघितले. छान आलेत. पण यात कोण कोण आहे?’

प्रश्न रास्त आहे. ठाण्याहून कर्जत लोकलने नेरळ, तिथून दस्तुरी नाका. पुढे गाड्यांना बंदी, म्हणजे चालायचंच. आणि चालणाऱ्यांत मी कायम शेवटी. त्यामुळे शार्लोट लेकपर्यंतच्या सगळ्या फोटोंत आमच्या घराच्या नुसत्या पाठी. घोट्यापर्यंत तांबडे झालेले पाय, आणि माकडांच्या धास्तीने पोटाशी आवळलेली खाऊची पिशवी, तीही आईच्या कोपरावरून ओळखायची. समोरून म्हणावा असा पॅनोरमा पॉइंटवरचा एकच. त्यात मावशी कडेला, म्हणून आहे त्याच्या दीडपट रुंद. फोनची लेन्स वाइड असते, कडेचा माणूस ताणला जातो, हे तिला समजावलं तर म्हणाली, “तरीच तुझी आई बरोब्बर मधे घुसली!”

खरं सांगायचं तर नातेवाइकांना समोरून टिपणं माझ्याच्याने होतच नाही. आत्तापर्यंत कणसाच्या भावावरून हमरीतुमरीवर आलेली माणसं कॅमेरा दिसला की पासपोर्टच्या रांगेत उभी केल्यासारखी होतात. बाबा पोट आत घेतात, सोबत श्वासही. आत्या चष्मा काढून हातात धरते. मग तिला कॅमेरा कुठे आहे तेच दिसत नाही, आणि ती प्रसन्नपणे झाडाकडे बघते.

हे बाळकडू काकाचं. त्याच्याकडे आगफा क्लिक थ्री होता. मे महिन्यात नौपाड्यातून आम्हा पोरांची वरात उपवनला निघायची. तळ्याकाठी डबे उघडायच्या आधी फोटो. रोल बाराच फोटोंचा, त्यामुळे उंचीप्रमाणे रांग, भांग, बटणं, सगळी तपासणी. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा हा त्याचा नियम. तो चूक नव्हता, त्या साध्या कॅमेऱ्याला उजेड भरपूर लागायचा. पण तो सगळा उजेड आमच्या डोळ्यांत! वर शटर संथ, म्हणून “हलू नका रे!” डब्यातल्या थालीपिठांचा वास येतोय आणि आपण हलायचं नाही. रोल धुऊन आला की बघावं तर सगळी भावंडं डोळे मिचकावून, कपाळाला आठ्या घालून उभी. आजी विचारायची, “पोरांना मारून नेलं होतंस का रे?”

पाठीला पोज देता येत नाही. निदान आमच्याकडे अजून कुणाला सुचलेलं नाही.

परवाच्या त्या फोटोंत एक भाच्याचा आहे. नऊ वर्षांचा, सगळ्यांच्या पुढे, दोन्ही हात मागे बांधून, जरासा डावीकडे कलून चाललाय. माझे आजोबा अस्सेच चालायचे. तो जन्मायच्या कितीतरी आधी ते गेले. त्यांचे फोटो आहेत, पण सगळे खुर्चीत बसवून काढलेले. चालतानाचा एकही नाही. काकाने कशाला काढला असता? चालणारा माणूस हलतो.

बाबांना तो फोटो दाखवला. त्यांनी बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला.

“लेस सुटलीये बघ त्याची,” म्हणाले.