हसायला का सांगत नाही?

"ओ, जरा हसायला सांगा की त्यांना!" मासिकासाठी कुणाचा फोटो काढायला गेलो की घरातलं कुणीतरी मागून हे म्हणतंच. अंक हातात पडल्यावर पुढचा प्रश्न येतो, एवढे गंभीर का दाखवलेत? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

हसा म्हटलं की माणूस माझ्यासाठी चेहरा करतो. लग्नाच्या अल्बमात तो शोभतो. लेखासोबतच्या फोटोत मात्र मला माणूस दुसऱ्याच कशात तरी गुंतलेला हवा असतो.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतलं घ्या. तंबोऱ्याची जवारी काढणारा, म्हणजे तारेला गुंजणारा नाद आणणारा कारागीर घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, हलकी कानस फिरवतो, तार छेडतो, तारेखालचा दोरा केसभर सरकवतो, पुन्हा छेडतो. तार विरेपर्यंत डोळे उघडे असतात, पण बघत कुठंच नसतात. मग कपाळावरची आठी सुटते, नाहीतर आणखी घट्ट होते. मला सुराचं फार कळत नाही. जमलं की नाही हे मी त्या आठीवरून ओळखतो. फोटो तिथंच.

आता त्या क्षणी कॅमेऱ्याचा खटका वाजला तर काम बिघडलंच. म्हणून आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरायचं. पण ट्यूबच्या उजेडात त्यानं फोटोवर पट्टे उमटू शकतात, म्हणून ट्यूब बंद करायला लावायची. उरतो दारातून येणारा उजेड. तो एकाच बाजूनं येतो आणि अर्धा चेहरा सावलीत जातो. तेव्हा तुम्हाला दिसणाऱ्या गांभीर्याचा निम्मा दोष त्या दाराचा! ३५ मिमीची लेन्स लावून मी जरा मागंच राहतो, म्हणजे टांगलेले भोपळेही चौकटीत येतात. तिच्यानं अगदी जवळून काढलं की नाक फुगतं आणि भल्या माणसाचा विदूषक होतो.

यूसुफ कार्श या छायाचित्रकारानं ३० डिसेंबर १९४१ ला कॅनडातल्या ओटावात ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांच्या तोंडातली सिगार सरळ काढून घेतली आणि फोटो टिपला. तो वैतागलेला चेहरा जगानं ब्रिटनची जिद्द म्हणून पाहिला. त्याच बैठकीतल्या दुसऱ्या फोटोत चर्चिल हसताहेत, तो फारसा कुणाला आठवत नाही. सिगार ओढून घेण्याची युक्ती मला पटत नाही, धाडसही नाही. पण दोन्ही चेहरे चर्चिलचेच होते, आणि युद्धाच्या त्या दिवसांत लोकांना कुठला हवा होता हे उघड आहे. माझंही तसंच. लेख जवारीवर असेल तर ऐकणारा चेहरा निवडतो. त्याच कारागिराच्या नातवंडांवर असता तर हसराच दिला असता.

आणि घरच्यांचं मन मोडत नाही मी. काम संपलं, चहा आला, की सगळ्यांना दारात उभं करून एक हसरा फोटो काढतो. तो संपादकांकडं जात नाही, सुनबाईंच्या व्हॉट्सॲपवर जातो.