नंबर न जुळणारं पिस्तूल

सुट्टीवर लालबागला आलोय. पाऊस काही थांबत नाही, त्यामुळे गेले चार दिवस आमच्या चाळीतल्या खोलीत एकाच गोष्टीचा खल चाललाय. ओहायोतल्या एका दुकानात माझ्या नावाने बाजूला काढून ठेवलेलं जुनं जर्मन पिस्तूल घ्यायचं की नाही? दुकानदाराने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे.

शेजारच्या काकांना वाटलं मी थट्टा करतोय. "घोडा घेतोस? अमेरिकेत जाऊन भाई झालास की काय?" मुंबईत घोडा म्हटलं की आधी पिस्तूल आणि गँगवॉर आठवतं, शर्यत नंतर. त्यांना सांगितलं की हे 9 एमएमचं आहे. इथे ते निषिद्ध बोअरमध्ये मोडतं, साध्या परवान्यावर मिळायचं नाही. तिकडेही मला इतकी वर्षं बंदीच होती. एच-वन-बी व्हिसावर असलेल्याला काही अपवाद सोडले तर बंदूक बाळगता येत नाही. ग्रीन कार्ड झालं तेव्हा कुठे 4473 नंबरचा फॉर्म भरून, पूर्वेतिहासाची तपासणी होऊन घेण्याचा मार्ग मोकळा झाला. आईचा प्रश्न एकच: "आणि छोटी कुठे हात घालेल ते?" तिजोरी आधी, पिस्तूल नंतर, हे बायकोनेही केव्हाच सांगून ठेवलंय.

तर पिस्तूल लुगर पी-08 आहे. जर्मन लष्कराने ते 1908 मध्ये स्वीकारलं, म्हणून 08. चेंबरवर, म्हणजे काडतूस बसतं त्या भागावर, 1917 कोरलंय. टॉगलवर, म्हणजे वरच्या दुमडणाऱ्या सांध्यावर, डीडब्ल्यूएम ही बनवणाऱ्या कंपनीची अक्षरं. त्याची यंत्रणा मला वेड लावते. गोळी सुटली की नळी आणि मागचा भाग थोडा मागे सरकतो, वरच्या दोन गोल मुठी फ्रेमच्या उतारावर आपटतात आणि आपला गुडघा मुडपावा तसा सांधा वर दुमडतो.

घोडं अडलंय ते नंबरांवर. कारखान्यात हे भाग हाताने घासूनपुसून एकमेकांत बसवत. मग दहा पिस्तुलं एकाच टेबलावर साफसफाईला उघडली तरी अदलाबदल होऊ नये म्हणून फ्रेमवर आणि नळीवर पूर्ण नंबर, आणि चाप, बाजूची पट्टी, टॉगलच्या कड्या अशा बारीकसारीक भागांवर शेवटचे दोन आकडे ठोकत. या पिस्तुलाच्या फ्रेमचे शेवटचे दोन 46. टॉगलवर 81. बाजूच्या पट्टीवर 13. मॅगझिनवर तर कुणीतरी विजेच्या पेन्सिलीने नंतर ओरखडलेला नंबर आहे.

डाव्या बाजूला एक फुलीही आहे. फुली आणि विजेच्या पेन्सिलीचा नंबर असे एकत्र दिसले की जाणकार ओळखतात: दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत फौजांच्या हाती लागलेला माल. त्यांनी ही पिस्तुलं शस्त्रागारात नेऊन उघडली, सरसकट नवा काळा मुलामा दिला आणि जो भाग हाताला लागला तो लावून पुन्हा जोडली. संग्राहक म्हणून मोजायचं तर नाक मुरडण्यासारखी वस्तू. सगळे नंबर जुळत असते तर दुप्पट तरी मागितले असते, असं दुकानदारच म्हणाला. याचे 1100 डॉलर सांगतोय.

बाबांनी फोनवरचे फोटो बोटांनी मोठे करकरून पाहिले. ते परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, खंडेनवमीला अजून कानशी आणि व्हर्नियर पूजेत मांडतात. म्हणाले, "आपल्या लॅम्ब्रेटाचं इंजिन कुर्ल्याचं नव्हतं? सीएसटी रोडवरून आणलं, नंबर आरसी बुकावर चढवला. गाडी धावली ना?" मग चष्मा कपाळावर सरकवून: "पण मी ते बसवताना दोन रविवार घासत बसलो होतो. ह्याचं कुणी घासलंय का, ते विचार."

मी इतके दिवस नंबरच मोजत बसलो होतो. हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

दुसऱ्या पिस्तुलाचा ब्रीचब्लॉक, म्हणजे काडतुसाला मागून टेकणारा ठोकळा, या नळीमागे आला की हेडस्पेस, म्हणजे काडतुसामागची मोजून ठेवलेली जागा, चुकीची असू शकते. चापाची ओढ बाजूच्या पट्टीतल्या तरफेतून सिअरला, म्हणजे फायरिंग पिन अडवून धरणाऱ्या खटक्याला, पोचते, तिथे पट्टी परकी म्हणजे ओढ कमीजास्त. हे काही फोटोत दिसत नाही. गनस्मिथकडे गेज लावून, रिकाम्या काडतुसांवर चालवून पाहायला हवं.

उलट बाजूही खरी आहे. नंबर जुळणारं घेतलं तर मी ते चालवणारच नाही. काडतूस बाहेर ओढणारा एक एक्स्ट्रॅक्टर तुटला की जुळणी गेली आणि पैसेही गेले. हे आधीच बिघडलेलं. यात नवा भाग टाकला तरी कुणी रडणार नाही. मला रेंजवर महिन्यातून एकदा तो गुडघा दुमडताना बघायचाय, काचेच्या कपाटात ठेवायचं नाहीये. केवळ जुनं म्हणून चढा भाव लावणाऱ्या दुकानदाराला मात्र नंबर दाखवून खाली आणायलाच हवं.

काल रात्री मेल टाकला. 750 देतो, तेही गनस्मिथने हेडस्पेस, फायरिंग पिन आणि चाप तपासून होकार दिला तर. तपासणीचा खर्च माझा. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही, तिकडे आत्ता मध्यरात्र आहे.

बाबांनी सकाळी ट्रंकेतून त्यांचा जुना फीलर गेजचा, म्हणजे फटी मोजायच्या पातळ पात्यांचा, संच काढला, तेलाचा हात फिरवला आणि माझ्या बॅगेत कपड्यांखाली ठेवला. मी म्हटलं, बाबा, हेडस्पेसचे गेज वेगळे असतात, गनस्मिथकडे त्याचे असतील.

"असू दे," म्हणाले. "त्याचे त्याच्याकडे."