छावणीत उडून आलेल्या प्लेटी

मी बीड जिल्ह्यात एका नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक आहे, गावाचं नाव राहू द्या. २०१९ च्या मे महिन्यातली गोष्ट. आदल्या ऑक्टोबरमध्ये सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता, त्यात आमचाही, नळ कोरडे, सगळं गाव टँकरवर आणि गावाबाहेर चारा छावणी. त्या छावणीतून एका शेतकऱ्याचा फोन आला, लई चिडलेले होते. म्हणाले, शेजारच्या मंगल कार्यालयातल्या उष्ट्या थर्माकोलच्या प्लेटी वाऱ्यानं उडून आमच्या दावणीत यायल्यात अन् जनावरं त्या चावायल्यात, तुम्ही बंदी केली ना, मग या बघायला.

मुकादमाला अन् दोन कामगारांना घेऊन गेले. बघितलं तर खरंच एक गाय पांढरा तुकडा चघळत उभी. प्लेटीला तेल-मीठ लागलेलं असतं म्हणून जनावर आधी चाटतं, मग तोडतं, आणि ते पोटात काही पचत नाही. आमच्या लोकांनी गोळा करायला घेतलं पण थर्माकोलमध्ये ९५ टक्क्यांहून जास्त तर हवाच असते, मे महिन्यातल्या वावटळीत तो ढीग जागेवर राहतच नाही, चार उचलल्या की सहा तारेच्या कुंपणापल्याड. ज्या माणसानं घरदार सोडून जनावरं जगवायला छावणीत मुक्काम ठोकलाय त्याच्या जनावरानं हे खावं हे मला सहनच होईना.

तिथनं सरळ त्या मंगल कार्यालयात. आदल्या दिवशीच्या लग्नाचा कचरा मागं तसाच आणि आज दुसरं लग्न, अक्षता पडल्या होत्या, पहिली पंगत बसायच्या तयारीत. आचाऱ्याच्या खोलीत प्लेटी, द्रोण, ग्लास, सगळे थर्माकोलचे, गठ्ठेच्या गठ्ठे. प्लास्टिक-थर्माकोल बंदीची राज्याची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची, तीन महिन्यांची मुदत संपली २३ जूनला, म्हणजे बंदी लागून वर्ष होत आलं होतं. पहिल्यांदा सापडला तर ५,००० दंड, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. मी पावती पुस्तक काढलं तेवढ्यात नवरीचे वडील आले.

हात जोडून म्हणाले, "मॅडम, दंड घ्या, पण पंगत होऊ द्या. हा टँकर इकत आणलाय, पिण्यापुरतंच पाणी आहे. स्टीलची ताटं घेतली असती तर धुवायला पाणी कुठून आणू?"

त्यांचं चुकीचं नव्हतं. आमच्याकडं थर्माकोल शौकापायी घराघरात शिरलं असं समजणारे लोक शहरात बसून बोलतात, इथं हजारभर माणसाचं जेवण झाल्यावर ताटं धुवायला जे पाणी लागतं ते त्या उन्हाळ्यात पैसे देऊनही मिळत नव्हतं. पण उकळतं वरण अन् तेलाची तर्री असलेली वांग्याची भाजी त्या द्रोणात वाढणार, लेकरं-म्हातारी खाणार, तेही मला दिसत होतं. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, गरम आणि तेलकट पदार्थात त्यातलं स्टायरीन हे रसायन थोडं थोडं उतरतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१८ मध्ये स्टायरीनला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलंय.

मी म्हणाले, "मामा, पंगत होणार, पण ह्याच्यावर नाही. पळसाच्या पत्रावळी आणल्या तर? त्या पण धुवाव्या लागत नाहीत."

मुकादमाला बाजारात पिटाळलं. जुन्या पेठेत एक आजी पत्रावळी-द्रोणाचं दुकान चालवतात, किनवट-माहूरकडं पळस भरपूर, तिकडनं त्यांचा माल येतो. थर्माकोलपेक्षा महाग पडल्या, वरचा पैसा कोण देणार यावरून कार्यालयाचा मालक अन् केटरर यांची दहा मिनिटं जुंपली, शेवटी मी दोघांकडून निम्मा निम्मा घ्यायला लावला, नवरीच्या बापाकडून एक रुपया घेऊ दिला नाही. कायद्यात असं काही लिहिलेलं नाही, पण मला तेच बरोबर वाटलं आणि आजही वाटतं. पंगत तासभर उशिरा बसली, व्याही थोडे कुरकुरले, बस. दंडाची पावती केटररच्या नावानं फाडली.

मग त्याला विचारलं माल कुठला. बिल दाखवलं, त्यावर नुसतं 'डिस्पोजेबल'. ज्या दुकानाचं बिल होतं तिथं गेले. दुकानदार साधा माणूस वाटत होता, पण मागचं गोडाऊन उघडलं तर छतापर्यंत पोती! जप्त केलं, छोटा हत्ती टेम्पो बोलावला, तो एका खेपेत मावेना. पंचनाम्यात वजन लिहावं लागतं म्हणून काट्यावर ठेवलं तर पोत्याच्या पोत्यानं काटा हलायचं नाव घेईना. तालुक्याच्या रिपोर्टमध्ये मग किलोचा एवढासा आकडा जातो आणि वर बसलेल्यांना वाटतं किरकोळ कारवाई आहे. ह्याच हलकेपणामुळं भंगारवालाही थर्माकोल उचलत नाही, गाडीभर नेलं तरी भाडं सुटत नाही त्याला. उघड्यावर जाळायचं नाही, काळा विषारी धूर होतो, कचरा डेपोवर टाकलं तर पुन्हा वाऱ्यावर. आमच्या स्टोअरमध्ये ती पोती किती महिने पडून होती, सिमेंट कंपनीच्या भट्टीत पाठवायला पत्रव्यवहार चालला होता.

पुढं १ जुलै २०२२ पासून केंद्राचीही बंदी आली, प्लेटी, कप, ग्लास, काटे-चमचे, सजावटीचं थर्माकोल सगळं त्यात. हातगाडीवाल्याला पकडून फोटो काढणं सोपं असतं पण मी ते कमी केलंय, त्याला माल देतो कोण तिथं जाते. तुळशीचं लग्न झालं की लग्नाच्या तिथी सुरू होतात, त्याच्या आधीच होलसेलवाल्यांची गोडाऊनं बघून घेते. दुसरं म्हणजे मंगल कार्यालयवाल्यांना बुकिंगच्या पावतीवरच लिहायला लावलंय की पळसाच्या नाहीतर उसाच्या चोथ्याच्या पत्रावळीच चालतील, एवढे साखर कारखाने आपल्याकडं आहेत, चोथ्याला काय तोटा. दोघांनी लिहिलंय. तिसरा अजून 'बघू मॅडम' म्हणायलाय, त्याच्याकडं सोमवारी जायचंय, सोबत त्या पेठेतल्या आजींचा रेट घेऊन.