सात इंचाला एक सूत कमी

माझ्या ओहायोतल्या गॅरेजमध्ये १९५० ची शेवरोले ३१०० पिकअप उभी आहे. गोल नाक, फुगीर मडगार्ड. पत्रा अजून खणखणीत, पण चासी संपलेली. इथं हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ लोखंडाला खालून खातं.

आमच्या घरापुढं चढ आहे, त्यामुळं मला फोर व्हील ड्राइव्हच हवी होती. शेवरोलेनं कारखान्यातून तशी पिकअप द्यायला सुरुवात केली ती १९५७ ला. म्हणून जुनी बॉडी १९९८ च्या एस-१० या शेवरोलेच्याच फोर बाय फोर पिकअपच्या चासीवर बसवायची ठरवली. अडचण व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतल्या अंतराची. जुनीचा ११६ इंच, नवीचा १२२.९.

शनिवारी सकाळी सातला अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. कोल्हापुरात साडेपाच वाजलेले, मागं उद्यमनगरातल्या आमच्या लेथचा आवाज.

"किती कमी करायचंय?"

"सहा पूर्णांक नऊ इंच, अण्णा."

"मग सात इंचाला एक सूत कमी म्हण की."

इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. किती वर्षांनी कानावर पडला हा शब्द!

चासी कुठं कापायची त्याची खूण मी केबिनच्या खाली खडूनं केली होती. अण्णांनी मोबाईल चासीखाली धरायला लावला. "ते दोन गज कुठं जात्यात?"

ते टॉर्शन बार. या गाडीला पुढं पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, नाहीत. हे पोलादी गज पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करतात आणि त्यांची मागची टोकं केबिनखालच्या आडव्या मेंबरमध्ये बसवलेली असतात. माझी खूण नेमकी त्या मेंबरच्या पुढं होती. तिथं कापलं असतं तर पुढचं सस्पेन्शनच गेलं असतं. आता काप त्या मेंबरच्या मागं, मागचा पाटा जिथं चासीला अडकवलाय त्या हँगरच्या अलीकडं घेतलाय. तोही सरळ उभा नाही, पायरीसारखा, म्हणजे सगळा जोड एका रेषेत येत नाही. आतून जाड पट्टी. आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारले, कारण एकाच बाजूला सलग वेल्डिंग केलं की चासी ओढली जाते. प्रत्येक टाक्यानंतर दोन्ही कर्ण मोजले. एकदा दोन सुतांचा फरक निघाला. टाके कापून पुन्हा जुळवलं. त्यात अख्खा रविवार गेला, पण तो फरक ठेवून पुढं जायला मन घेईना.

मागच्या चाकांना ताकद पोचवणारा प्रॉपेलर शाफ्ट तेवढाच आखूड करून बॅलन्सिंगला दिलाय. पुढच्याला हात लावावा लागला नाही.

गावाकडच्या मित्रांनो, हे वाचून जीप कापायला घेऊ नका. आपल्याकडं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही.

आता केबिन या चासीवर उतरवायची आहे. चाक मडगार्डच्या कमानीत बरोबर मध्यावर आलं पाहिजे, ते जमलं की मगच माउंटिंगच्या रबरी बुशांची जागा आखायची. अण्णांनी बजावलंय, चेन ब्लॉकला हात लावायच्या आधी फोन लाव.