लागला का शोध?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं तुम्ही दर भेटीत विचारता आणि मी दर वेळी "चाललंय" म्हणून विषय बदलते. "काय, लागला का काही शोध?" हा प्रश्न आपुलकीचा आहे, हे मला कळतं. पण त्याचं जे उत्तर माझ्याकडे आहे ते दारात उभ्याउभ्या देण्यासारखं नाही.

एक शोध लागला. दोन वर्षांपूर्वी. तो कुठल्याही जर्नलमध्ये आला नाही आणि येणारही नाही, कारण बाकी जगाला तो माझ्या जन्माआधीपासून माहीत होता.

आधी थोडं दिवसाबद्दल. तुमच्या डोळ्यांसमोर उकळती चंचुपात्रं असतात, तसं आमच्याकडे काही उकळत नाही. माझा बहुतेक दिवस पेशींच्या पोटापाण्यात जातो. इन्क्युबेटरमध्ये 37 अंश तापमान आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइड ठेवायचा. फ्लास्कमधलं मीडियम लालसर गुलाबी असतं, पेशींनी खाऊन आम्ल सोडलं की ते पिवळं पडायला लागतं. पिवळं दिसलं की बदलायचं. फ्लास्क भरला की ट्रिप्सिन घालून पेशी तळापासून सोडवायच्या, मोजायच्या, थोड्या नव्या फ्लास्कमध्ये घालायच्या, बाकीच्या टाकून द्यायच्या. रविवार असो, ताप असो, हे चुकत नाही. एका वेस्टर्न ब्लॉटला, म्हणजे पेशींत एखादं प्रथिन आहे का हे बघायच्या चाचणीला, दोन दिवस जातात आणि दोन दिवसांनी एक काळी रेघ दिसते किंवा दिसत नाही. मला हे काम आवडतं. तक्रार म्हणून सांगत नाही. फक्त यातल्या कुठल्या दिवसाच्या संध्याकाळी "आज लागला" असं म्हणायचं, ते मला ठरवता येत नाही.

दुसरा प्रश्न घरचे विचारतात: रात्री मोबाइलवर काय वाचत बसतेस? उत्तर ऐकून निराशाच होते सगळ्यांची. मी आमच्याच क्षेत्रातल्या विचित्र गोष्टी वाचते. उदाहरणार्थ, मार्च1 आणि सेप्ट2 या नावांची जनुकं होती. एक्सेलमध्ये ती टाइप केली की एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं, 1 मार्च आणि 2 सप्टेंबर. 2016 साली काही संशोधकांनी मोजलं, तर जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या पेपरांपैकी जवळजवळ पाचव्या हिश्श्यात असल्या चुका होत्या. शेवटी नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली, 2020 मध्ये. मला यात विलक्षण काहीतरी दिसतं. इतकी माणसं, इतकी काळजी, आणि चूक कुठून शिरते तर एका चौकटीतून. "वाचून उपयोग काय?" असंही मला विचारून झालं आहे. माझ्या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट मला याच वाचनातून कळली. ती कळली हे बरं झालं की वाईट, हे मात्र अजून सांगता येत नाही.

त्या रात्री मी सेलोसॉरस चाळत होते. हा सेल लाइनींचा, म्हणजे एकदा शरीरातून घेऊन प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींचा, एक प्रचंड कोश आहे, इंटरनेटवर कुणालाही उघडता येतो. कुठली सेल लाइन कुणाच्या शरीरातून, कोणत्या आजारातून, कधी घेतली, हे त्यात असतं. माझ्या कामात दोन सेल लाइनी होत्या. हेपजी2 ही यकृताच्या कर्करोगाची, आणि चँग लिव्हर ही निरोगी यकृताची. निरोगी, असं आमच्या डबीवर लिहिलं होतं. मी एक प्रथिन बंद करत होते. ते बंद केलं की हेपजी2 मरायच्या आणि चँगच्या पेशी जगायच्या. कर्करोगाची पेशी मरते, निरोगी पेशी वाचते. औषधाच्या दिशेने जाणाऱ्या प्रत्येक माणसाला हेच चित्र हवं असतं. माझ्याकडे ते होतं. तीनदा, सहादा, नऊदा करून बघितलेलं.

हेपजी2 चं पान वाचलं. ती एका पंधरा वर्षांच्या मुलाकडून आलेली. मग सहज दुसरं नाव टाकलं. पानाच्या वरच्या भागातच लिहिलं होतं की ही सेल लाइन सदोष आहे, तिच्यात भेसळ झालेली आहे, ती हेलापासून आलेली आहे.

मी पान बंद केलं आणि पुन्हा उघडलं. स्पेलिंग चुकलं असेल असं वाटलं. नव्हतं चुकलं. मग वाचत गेले, पहाटे चारपर्यंत. 1954 साली चँग यांनी ही सेल लाइन यकृतातून वाढवली असं मानलं गेलं. प्रत्यक्षात ज्या पेशी टिकल्या त्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या, हेला पेशी. हेला इतक्या झपाट्याने वाढतात की एखादा थेंब चुकून दुसऱ्या बाटलीत गेला तरी काही आठवड्यांत मूळच्या पेशी संपतात आणि बाटलीवरचं नाव तेवढं उरतं. 1966 साली स्टॅन्ली गार्टलर यांनी भर परिषदेत दाखवलं होतं की वेगवेगळ्या नावांच्या 18 सेल लाइनी हेलाच असाव्यात. 1966! आणि 2017 मधल्या एका मोजणीनुसार चुकीच्या ओळखीच्या पेशींवर आधारलेले पेपर होते 32,755. मी त्यांतलेच वाचून शिकले होते. माझ्या संदर्भांच्या फाइलमध्ये चँग लिव्हरला "निरोगी यकृतपेशी" म्हणणारे अकरा पेपर होते. त्या रात्री मोजले.

सकाळी लॅबमध्ये गेले आणि फ्लास्क मायक्रोस्कोपखाली ठेवला. रोजच्याच पेशी. त्यांच्याकडे बघून मला काहीही ओळखता येत नव्हतं, आणि याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली. डीएनए काढून एसटीआर चाचणीला पाठवला. गुन्ह्याच्या तपासात माणूस ओळखायला वापरतात तीच ही पद्धत, डीएनएमध्ये पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे मोजायचे आणि नोंदींशी जुळवायचे. 80 टक्के किंवा जास्त जुळलं तर एकाच मुळाच्या धरतात. निकालाला दहा दिवस लागले. ते दहा दिवस मी त्या पेशींचं मीडियम बदलत राहिले, वेळच्या वेळी, नेहमीसारखं. कुणालाही बोलले नाही. गाइडनाही नाही. निकाल खोटा ठरला तर उगाच गोंधळ नको, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की जोवर बोलत नव्हते तोवर माझी दोन वर्षं शाबूत होती.

निकाल आला. हेला.

गाइडच्या खोलीत गेले आणि कागद टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ही डबी मी स्वतः आणली होती." दुसऱ्या एका लॅबमधून, मी यायच्या कितीतरी आधी. मला वाटलं होतं मी रागावेन. नाही आला राग. मी रडले, तेही नंतर, कोल्ड रूममध्ये, कारण तिथे कुणी फार वेळ थांबत नाही.

आता लोक म्हणतात, तुझी काय चूक, डबीवर जे होतं ते तू मानलंस. मीही बरेच महिने हेच म्हटलं. पण पहिल्या वर्षीची माझी वही आहे. तिच्यात एका पानावर अल्ब्युमिनचा ब्लॉट चिकटवलेला आहे. यकृताच्या पेशी अल्ब्युमिन हे प्रथिन बनवतात. हेपजी2 च्या घरात ठसठशीत रेघ, चँगच्या घरात कोरं. खाली माझ्याच अक्षरात: "डिशमध्ये वाढताना यकृताचे गुण गेले असावेत." असं होतंही, खऱ्या यकृतपेशी डिशमध्ये आपले गुण हळूहळू गमावतात, म्हणून वाक्य पटण्यासारखं होतं. आणि निरोगी पेशी अशा वर्षानुवर्षं वाढतच नाहीत, ठराविक वेळा विभागून थांबतात, हे लेनर्ड हेफ्लिक यांनी 1961 साली दाखवलेलं मी परीक्षेत लिहून आले होते. माझ्या "निरोगी" पेशी दिवसाभरात दुप्पट होत होत्या. सोबतचा सीनियर म्हणायचा, "तुझ्या पेशी किती गुणी आहेत गं." मला बरं वाटायचं.

त्या वेळच्या माझ्याशी मी भांडते. ती म्हणते, पहिल्या वर्षाच्या मुलीने फ्रीझरमधल्या प्रत्येक नळीवर संशय घ्यायचा का? मग काम सुरू कधी करायचं? गाइड वापरत होते, पेपर छापून येत होते, मी कोण? यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण त्या कोऱ्या रेघेबद्दल तिच्याकडेही नाही. तिने प्रश्न विचारला होता आणि पेशींनी उत्तर दिलं होतं, तिला ते आवडलं नाही म्हणून तिने त्याला कारण शोधलं. एसटीआर चाचणी तेव्हाही होती. सेलोसॉरसही होता.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. हेला पेशी हेन्रिएटा लॅक्स यांच्या. 1951 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांच्या गाठीचा तुकडा घेतला गेला, त्यांना न विचारता. त्याच वर्षी त्या गेल्या, 31 व्या वर्षी. पुढे कित्येक वर्षं लोकांना त्यांचं नाव "हेलन लेन" असं खोटंच सांगितलं जात होतं. आणि मी दोन वर्षं त्यांच्याच पेशी सांभाळत होते, आणखी एका खोट्या नावाने.

गाइडचं म्हणणं आहे की आकडे खोटे नाहीत. नाव दुरुस्त कर, प्रबंधातलं ते प्रकरण नव्याने लिही: यकृताच्या कर्करोगपेशी मरतात, गर्भाशयमुखाच्या मरत नाहीत, हाही प्रश्नच आहे. बरोबर आहे. पण मी तो प्रश्न विचारला नव्हता. "निरोगी पेशी वाचतात" एवढ्या एका वाक्यासाठी मी दोन वर्षं दिली होती, आणि नेमकं तेच वाक्य मला आता लिहिता येत नाही. यावर आमचं आजही एकमत नाही. ते प्रकरण अर्धं लिहून पडलं आहे.

मध्यंतरी मी खऱ्या यकृतपेशी मागवल्या, थेट दात्यांच्या यकृतातून वेगळ्या केलेल्या. त्या काही दिवसच जगतात आणि प्रत्येक दात्याच्या वेगळ्या वागतात. पहिल्या दोन खेपा वाया गेल्या. तिसऱ्या खेपेत प्रथिन बंद केल्यावर काही पेशी मेल्या, काही जगल्या. याला वाचल्या म्हणायचं की मेल्या, ते एका दात्यावरून ठरत नाही. पुढची खेप यायची आहे. आता पेशी आल्या की पहिल्याच दिवशी थोड्या बाजूला काढते आणि आधी अल्ब्युमिनचा ब्लॉट लावते.