दोन यूएएन आणि दहा वर्षांची नोकरी

मला पीएफचे पैसे काढायचे नव्हते, नोकरीची वर्षं जोडायची होती. हे आधीच सांगते, कारण ज्याला विचारायला गेले तो पहिल्यांदा हेच म्हणायचा, "काढून टाका ना ताई, कशाला अडकवून ठेवता?"

२०११ साली मी भोसरीतल्या एका कारखान्यात वायरिंग हार्नेसच्या लाइनवर लागले. गेट कंपनीचं, पण आम्ही ठेकेदाराच्या मुली. लग्न झालं, मुलगी झाली आणि २०१६ च्या अखेरीस काम सुटलं. २०१८ मध्ये चाकणला दुसऱ्या कंपनीत लागले, तिथे २०२३ पर्यंत होते. दोन्हीकडे पाच-पाच वर्षं, वर थोडे महिने.

पीएफसोबत जी पेन्शन योजना असते, ईपीएस-९५, तिला एकूण दहा वर्षांची सेवा लागते. मध्ये खंड पडला तरी चालतो. आपल्या पगारातून १२ टक्के कापतात, मालकही १२ टक्के भरतो, आणि मालकाच्या त्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शनच्या फंडात जातात. माझी दोन्हीकडची वर्षं जोडली गेली तर ५८ व्या वर्षापासून महिन्याला पेन्शन. नाही जोडली गेली तर फॉर्म १०सी भरून हातात एकदाच थोडेसे पैसे, आणि विषय संपला. हिशेब साधा आहे: शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार १२,००० धरला तर दहा वर्षांचे महिन्याला १,७१४ रुपये होतात. एवढ्यात घर चालत नाही. पण ते शेवटपर्यंत मिळतात, आणि माझ्यामागे नवऱ्यालाही त्यातला हिस्सा मिळतो. माझ्या आईला म्हातारपणी स्वतःचे म्हणून शंभर रुपयेही नव्हते, ते मी जवळून पाहिलंय.

अडचण अशी की माझे यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहायला हवा असा पीएफचा नंबर, दोन निघाले. २०१४ मध्ये यूएएन सुरू झाले तेव्हा ठेकेदाराकडच्या सगळ्यांना एकेक नंबर मिळाला, आम्हाला मात्र तो कुणी सांगितलाच नाही. चाकणला लागले तेव्हा आधारवरून नवीन नंबर निघाला. जुन्या नंबरला आधार जोडलेलंच नव्हतं, त्यामुळे ती बाई आणि ही बाई एकच आहे हे यंत्राला कळायला काही मार्ग नव्हता. जुन्या नोंदीत वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव आणि जन्मतारीख १ जानेवारी. आमच्या लाइनवरच्या निम्म्या मुलींचा जन्म कागदावर १ जानेवारीलाच झाला होता, कारण फॉर्म भरणाऱ्याने विचारायचे कष्ट घेतले नव्हते. आधारवर माझं नाव सासरचं.

नव्या यूएएनचं काम पटकन झालं. जानेवारी २०२५ पासून असा बदल झालाय की १ ऑक्टोबर २०१७ नंतर मिळालेला, आधारने पडताळलेला यूएएन असेल तर नाव, जन्मतारीख, नोकरी लागल्याची-सुटल्याची तारीख असल्या दुरुस्त्या कामगार स्वतः पोर्टलवर करू शकतो, मालकाच्या मंजुरीशिवाय. चाकणच्या नोंदीत स्पेलिंगची एक चूक होती, ती मी घरात बसून मोबाइलवर दुरुस्त केली. ओटीपी आला, झालं. पूर्वी यासाठी एचआरच्या दारात उभं राहावं लागायचं. हा बदल खरोखर आपल्या बाजूचा आहे आणि तो सगळ्यांना माहीत व्हायला हवा.

जुन्या नंबरचं तसं नव्हतं. आधार नसलेल्या खात्याला कागदी जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे कामगार आणि मालकाने मिळून करायचा दुरुस्तीचा अर्ज लागतो, आणि त्यावर मालकाची सही. ठेकेदाराची फर्म कधीच बंद झालेली, फोन लागत नव्हता. मूळ कंपनीत गेले तर गेटवरूनच उत्तर मिळालं की ठेकेदाराच्या कामगारांचं रेकॉर्ड आमच्याकडे नसतं. पाच वर्षं मी ज्यांच्या गाड्यांच्या वायरी गुंफल्या, त्यांच्याकडे माझी एक ओळही नव्हती. फार लागलं ते.

वाचवलं ते आईने. तिने माझ्या पगाराच्या स्लिपा माहेरच्या ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या. त्यावर जुना पीएफ नंबर होता, एमएच/पीयूएन असा सुरू होणारा. एका एजंटाने तो पाहिला आणि काम करून देतो म्हणाला, पण रकमेतला वाटा मागितला. मी नाही म्हटलं. कुणीही देऊ नका. यातल्या कशालाच फी नाही.

मग मैत्रिणीकडून 'निधी आपके निकट'बद्दल कळलं. दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफचे अधिकारी जिल्ह्यात शिबिर घेतात, तिथे थेट जाऊन बोलता येतं. तिथल्या साहेबांनी स्लिपवरचा नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. महिन्यामागून महिना, माझी कपात जमा झालेली होती. "पैसे सुरक्षित आहेत. ते तुमचे आहेत एवढंच सिद्ध करायचंय," ते म्हणाले. आस्थापना बंद असेल तर मालकाऐवजी राजपत्रित अधिकारी, पोस्टमास्तर किंवा आपलं खातं आहे त्या बँकेचा मॅनेजर साक्षांकन करू शकतो, हेही त्यांनीच सांगितलं.

विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र नावासाठी, शाळा सोडल्याचा दाखला जन्मतारखेसाठी. जन्मतारखेला आधार कार्ड पुरावा म्हणून चालत नाही, २०२४ पासून ते यादीतून काढलंय. मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. बँकेच्या मॅडमनी सगळे कागद नीट वाचले आणि सही-शिक्का दिला. अर्ज दिल्यावर वाट पाहावी लागली, मध्ये एकदा तक्रारीच्या पोर्टलवर, ईपीएफआयजीएमएसवर, विचारणाही केली.

नाव सुधारल्यावर आधार जोडलं. त्यानंतरही ट्रान्सफर, म्हणजे जुनं खातं नव्या यूएएनमध्ये आणणं, अडकलं, कारण ठेकेदाराने माझी नोकरी सुटल्याची तारीखच टाकली नव्हती. म्हणजे यंत्राच्या लेखी मी अजून भोसरीतच कामाला होते. ही तारीख शेवटची कपात होऊन दोन महिने झाले की आपणच पोर्टलवरच्या 'मार्क एग्झिट'मध्ये टाकू शकतो. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी नाव आणि जन्मतारीख, मग आधार, मग सुटल्याची तारीख, मग ट्रान्सफर. उलटं केलंत तर दावा नाकारला जातो.

ट्रान्सफर झाल्यावर पासबुक उघडलं तर पीएफची रक्कम आली होती, पण पेन्शनच्या रकान्यात शून्य. पोटात गोळा आला. पण ते तसंच असतं. पेन्शनचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जात नाहीत, सेवेची वर्षं जातात, आणि ती अनेक्शर-के या ट्रान्सफरच्या तपशिलाच्या कागदात दिसतात. तो कागद काढून पाहा. माझ्या कागदावर दोन्हीकडची वर्षं होती आणि बेरीज दहाच्या वर गेली होती.

आता मी एका अ‍ॅपवरून घरोघरी जाऊन ब्युटिशियनचं काम करते. कमाई कारखान्यापेक्षा बरी आहे, मुलीच्या शाळेची वेळ सांभाळता येते, म्हणून मी हे काम सोडणार नाही. पण या खटाटोपानंतर एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. भोसरीत माझी नोंद गलथान होती, नाव चुकलं, तारीख चुकली, तरी त्या प्रत्येक महिन्याला पेन्शनच्या हिशेबात जागा होती. अ‍ॅपवर मी गिऱ्हाइकाच्या दारात किती वाजता पोहोचले, काम कधी सुरू केलं, कधी संपवलं, किती स्टार मिळाले, सगळं मिनिटामिनिटाला टिपलं जातं. आणि त्यातला एकही दिवस माझ्या दहा वर्षांत धरला जात नाही, कारण तिथे मी कामगार नसून 'पार्टनर' आहे. इतकी चोख नोंद असताना तिच्यावरून महिन्याची कपात करणं कुणाला अवघड आहे, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये संसदेत मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची, म्हणजे आमच्यासारख्या अ‍ॅपवरून काम करणाऱ्यांची, व्याख्या पहिल्यांदा कायद्यात आली. अ‍ॅप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांसाठी द्यायची, आणि ती कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त असणार नाही, अशी तरतूद आहे. मला हे हवंय. पण त्या पैशातून माझ्या नावावर नेमकं काय जमा होणार, वर्षं मोजली जाणार की फक्त विमा मिळणार, हे आम्हा बायकांना आमच्या भाषेत आणि त्याच अ‍ॅपवर दिसलं पाहिजे.

तोवर मी अटल पेन्शन योजनेत नाव घातलंय, वर्षाला २० रुपयांचा अपघात विमाही बँकेतून घेतलाय. ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, नोंदणी केली. तिथे मिळणारा बारा आकडी नंबर पीएफच्या यूएएनपेक्षा वेगळा असतो, दोन्ही लिहून ठेवा. आणि अ‍ॅपवरचं कमाईचं विवरण दर महिन्याला उतरवून ठेवते, आईने स्लिपा ठेवल्या तसं.

चाकणच्या माझ्या जुन्या लाइनवरची एक मैत्रीण आहे, तिचंही नाव जुन्या खात्यात माहेरचं आहे. तिच्या ठेकेदाराचं ऑफिस अजून चालू आहे, म्हणजे सही आता मिळू शकते. येत्या २७ तारखेला मी तिला घेऊन शिबिराला जाणार आहे.